अनसाबाईंची बारा पेरं

अनसाबाईंना काहीही विचारा, त्या लगेच उत्तर देत नसत. आधी उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या मुळाशी जायचा आणि तिथून एकेक पेर मोजत चारही बोटं फिरून यायचा. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा. बारा झाली की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं, म्हणजे एक वर्ष झालं. हे होईपर्यंत समोरच्यानं गप्प उभं राहायचं. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "थांबा जरा, मोजून राह्यले मी." वाड्यातली विहीर कधी आटली, कुणाची म्हैस कधी व्याली, अमकीच्या लग्नाला किती दिवस झाले, सगळ्याचं उत्तर महिन्यांत यायचं. एकदा मी सहज एका मुलीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "लग्नाला एकतीस म्हयने झाले, गुरुजी. नांदली त्यातले चार."

मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. निवृत्त होऊन जालन्याला मस्तगडात राहतो. जालना जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी माझी बदली कुंभार पिंपळगावच्या पलीकडच्या एका लहानशा गावात झाली होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्या रजिस्टरबद्दल मी सांगणार आहे ते अजून तिथल्या शाळेच्या कपाटात असेल आणि त्यातलं अक्षर माझं आहे.

त्या काळी पोरांच्या जन्माचा कागद कुणाकडे नसायचा. घरी सुईणीच्या हातून बाळंतपण, नोंद करायला कोण जातंय? मग आम्हा शिक्षकांची एक रीत होती. पोराला सांगायचं, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं झालं. नाही लागली तर पुढच्या वर्षी ये. तारीख सगळ्यांची एकच टाकायची, एक जून. म्हणजे शाळा उघडताना वय पूर्ण भरतं आणि कुणी काही विचारत नाही. माझा अख्खा वर्ग एक जूनचा होता. मी स्वतः एक जूनचा आहे, आता बोला.

त्या वर्षी शाळेचा पट कमी पडत होता. पट भरला नसता तर दुसऱ्या शिक्षकाची जागा गेली असती, आणि तो दुसरा शिक्षक मी होतो. म्हणून मी दारोदार फिरून पोरं गोळा करत होतो. दारोदार म्हणतो खरा, पण खोटं कशाला बोलू, आम्ही गुरुजी लोक तेव्हा बौद्धवाड्याच्या हातपंपापर्यंतच जायचो. पंपापाशी उभं राहून हाक मारायची, पोरं तिथंच यायची. आत घरापर्यंत कुणी गेलं नाही, मीही गेलो नाही. त्या दिवशी पंपाजवळ एक दणकट मुलगी चिखलात खेळत होती. उंच, कपाळ मोठं, गाल लालबुंद. मी म्हटलं, कान धर गं. तिनं एवढ्या सहज धरला की सहा लिहिणं मला कमी वाटायला लागलं. तिचा आजा बाजेवर बसला होता. त्याला वय विचारलं तर म्हणाला, "तुमीच बघा की, गुरुजी. तुमाला त्यातलं समजतंय." मला समजलं ते मी लिहिलं. सुजाता दादाराव, जन्म एक जून पंच्याहत्तर. म्हणजे सात वर्षं पूर्ण.

शाळा सुरू झाली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. ही एवढी थोराड मुलगी पेन्सिल मुठीत धरायची. चालता चालता पडायची. धड बोलता यायचं नाही. दुपारी पाटीवर डोकं टेकून झोपायची आणि एकदा तर बसल्या जागी ओलं केलं. मी चिडलो. "एवढी घोडी झाली तरी अक्कल नाही," असं म्हणून तिच्या तळहातावर पट्टी मारली. ती रडलीसुद्धा नाही, तिला नवल वाटलं असावं. बघतच राहिली माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी अनसाबाई आल्या. खुरपणीवरून सरळ शाळेत, खुरपं कमरेला खोवलेलं, पाय मातीचे. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"गुरुजी, माझ्या लेकराला मारलं म्हणं तुमी."

"मारलं. सात वर्षांची झाली, अजून—"

"सात कुणी सांगितलं?"

"हात कानाला लागला."

अंगठा करंगळीवर गेला. सगळा वर्ग बघत होता. चार वेळा डाव्या हाताचं बोट मिटलं आणि उजव्यावर दोन पेरं उरली. "पन्नास," त्या म्हणाल्या. "पन्नास म्हयन्यांची हाय माझी सुजाता. चौदा एप्रिलला, जयंतीची मिरवणूक वेशीत आल्ती तवा झाली. ढोलाच्या आवाजात सुईणीला माझं वरडणं ऐकू गेलं न्हाई. हे कसं चुकंल?" मग त्यांनी वर्गाकडे हात केला. "आन् तुमी लिवलं एक जून. ह्याचं बी एक जून, त्याचं बी एक जून. समदं गाव काय एकाच दिवशी बाळंत झालं का, गुरुजी?"

पोरं फिदीफिदी हसली. मला राग आला, लाजही वाटली. त्या दोन्हींतून बाहेर पडायला मी मास्तर लोकांचं ठरलेलं उत्तर दिलं. रजिस्टरात एकदा लिहिलं की खोडता येत नाही. हे धादांत खोटं होतं. अर्ज करून दुरुस्त करता येत होतं. पण अर्ज केला असता तर चार वर्षांची मुलगी पटावर कशी घेतली हे विचारलं गेलं असतं आणि माझी जागा पुन्हा लटकली असती.

अनसाबाई म्हणाल्या, "मंग नेते मी घरी." मी घाबरून म्हणालो, "राहू द्या, राहू द्या." त्यांनी थोडा वेळ मोजलं आणि तोडगाही त्यांनीच काढला. "बसू द्या मंग. पण पहिलीतच बसू द्या. सहाची व्हईस्तवर काही शिकवू नगा, मारू नगा, नुसतं बसू द्या. सहाची झाली की मी सांगन. मंग शिकवा." आणि त्यांनी खरंच सांगितलं. दोन वर्षांनी एप्रिलच्या मध्यावर शाळेच्या दारात येऊन म्हणाल्या, "झाली आज सहाची. लागा आता."

सुजाता पहिलीत तीन वर्षं होती. गावानं तिला ठार वेडी ठरवून टाकलं. दोष मात्र अनसाबाईंच्या माथी. सासू म्हणायची, गरोदरपणी हिनं काय खाल्लं कुणास ठाऊक. मोठा दीर म्हणायचा, हिच्या माहेरचंच रक्त तसं. अनसाबाई भांडायच्या नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, समदे तिची उंची बघत्यात. म्हयने कुणी मोजत न्हाई." मुलगी वेडी नव्हती, सावकाश होती. जे आज सांगितलं ते तिला पुढच्या महिन्यात यायचं, पण आलं की जायचं नाही. वयाच्या आठव्या वर्षी ती शाळेची घंटा हात वर न ताणता वाजवायची. ते काम मी तिला दिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नंतर कुठल्या हुशार पोराच्या चेहऱ्यावर बघितला नाही.

मध्ये गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला, संध्याकाळचा. बायका आपलं नाव लिहायला शिकत होत्या. अनसाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला अक्षरं नगं. आकडे शिकवा." मी म्हटलं, अहो, आधी नाव तरी लिहा. "नावाचं काय करू? नाव समद्याला माहीत हाय." आठ दिवसांत आकडे शिकल्या. नवव्या दिवशी शाळेत आल्या आणि म्हणाल्या, रजिस्टर दाखवा. मी दाखवलं. त्यांनी सुजाताच्या ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, एक, सहा, पंच्याहत्तर. मग म्हणाल्या, "हे बराबर वाचलं का मी?" मी हो म्हणालो. "वाचलं बराबर, पण लिवलं गलत." आणि गेल्या.

तेव्हापासून दर जूनला शाळा उघडली की त्यांची एक फेरी ठरलेली. "गुरुजी, तेवढी दुरुस्ती." मी दर वर्षी नवं कारण सांगायचो. साहेब बदलले, फॉर्म संपले, पुढच्या वर्षी बघू. शेवटी शेवटी तर म्हणायला लागलो, "अहो बाई, दोन-तीन वर्षांनी काय फरक पडतो?" त्या माझ्याकडे नुसतं बघून निघून जायच्या.

फरक पडायला अकरा वर्षं लागली. त्र्याण्णवच्या मे महिन्यात सुजाताच्या मोठ्या चुलत्यानं तिला स्थळ आणलं. सामुदायिक विवाह मेळावा होता, जूनच्या पहिल्या आठवड्यात. मेळावा नेमका तेव्हाच का, हे मला बरोबर ठाऊक होतं. अर्ध्या नवऱ्या मुली एक जूनला अठरा पूर्ण करत होत्या. आयोजक वयाचा पुरावा मागायचे आणि पुरावा म्हणजे शाळेचा दाखला. चुलता माझ्या खोलीवर आला. "गुरुजी, दाखला द्या जल्दी. पोरगी अठराची झाली. अशी आडदांड पोरगी किती दिवस घरात ठेवायची? देवाच्या दयेनं स्थळ आलंय." त्याचंही फार चुकत होतं असं नाही. तिच्याकडे बघून कुणीही अठराच म्हटलं असतं. मी दाखला लिहायला घेतला. नाव लिहिलं, तारीख लिहिली, फक्त सही राहिली होती.

तेवढ्यात अनसाबाई आल्या. धावत आल्या असाव्यात, दम लागला होता. त्यांनी टेबलावरचा कागद फिरवून घेतला आणि आकडा वाचला. मला वाटलं आता ओरडतील, पण आवाज अगदी खाली होता.

"तुमी म्हणत व्हता, काय फरक पडतो. आता पडला बघा."

चुलता म्हणाला, "अनसाबाई, मधी पडू नका. पोरगी अठराची हाय, हे काय लिव्हलंय."

"पंधराची हाय. आन् समजुतीनं दहाची. अजून माझ्या पदराला धरून बाजारात हिंडती. तिला तुमी परक्याच्या घरी धाडता?" मग माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुमीच लिवलं, तुमीच पुसा."

मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "बाई, माझ्या नोकरीवर येईल."

"किती वर्सं राह्यली नोकरीची?"

"सोळा."

"आन् सुजाताच्या संसाराची किती? मोजा."

मी मोजलं नाही. पेनाचं टोपण लावलं आणि दाखल्याचे दोन तुकडे केले. चुलता शिव्या देत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या हातानं अर्ज लिहिला. पालकांना न विचारता, केवळ हात कानाला लागला म्हणून, ही तारीख मी अंदाजानं टाकली आहे. अर्ज घेऊन मी आणि अनसाबाई घनसावंगीच्या जीपमध्ये कोंबून बसलो आणि तिथून पुढे साहेबांच्या कचेरीत गेलो. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "गुरुजी, वेड लागलंय का तुम्हाला? ही एक दुरुस्त केली तर जिल्ह्यातले सगळे एक जूनवाले दारात येतील." पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, वयाचा वैद्यकीय दाखला आणा, मग बघतो.

म्हणून आम्ही सुजाताला घेऊन जालन्याला एका दवाखान्यात गेलो. तिथं मनगटाचा एक्स-रे काढतात. हाडांची टोकं जुळली की नाही त्यावरून वय सांगता येतं. मी मनात म्हटलं, झालं, आता हाडंच बोलतील. हाडं बोलली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "अठराच्या आसपास. जास्तच, कमी नाही."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. अकरा वर्षं मी चोरासारखा वागत आलो होतो आणि आता विज्ञान सांगत होतं की माझंच बरोबर होतं. कदाचित ह्या बाईचंच मोजण्यात चुकलं असेल. अनसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, तुमचं तोंड खुललं," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, रजिस्टर खोटं निघालं, तशी हाडं बी खोटी निघतील. हाडं जल्दी वाढली म्हणून लेकरू जल्दी वाढलं का?" डॉक्टर हसले आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. सुजाता केळं खात होती. मी खरोखर उठून घरी जायच्या बेतात होतो. तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीणबाई समोरून गेल्या, चार पावलं पुढे जाऊन परत आल्या आणि सुजातासमोर उकिडव्या बसल्या. तिचं कपाळ बघितलं, निमुळती हनुवटी बघितली, तिचे मोठाले तळवे आपल्या हातात घेतले. मग विचारलं, "हिची आई कोण? जन्मली तेव्हा वजनदार होती का?"

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. डॉक्टरीणबाई विचारत होत्या आणि अनसाबाईंचा अंगठा बोटांवर फिरत होता. मान कधी धरली, तर सातव्या म्हयन्यात. बसली अकराव्यात. चालली सव्विसाव्यात. पहिला शब्द छत्तिसाव्यात, तो 'पाणी'. दात मात्र तिसऱ्याच म्हयन्यात आले, सासू म्हणली अपशकुन हाय. बाईंनी कागदाची एक बाजू भरली, उलटला, दुसरी भरली. शेवटी पेन ठेवून म्हणाल्या, "मावशी, मला शिकलेल्या आयासुद्धा एवढं नीट सांगत नाहीत."

त्यांनी सांगितलं ते असं. एक आजार आहे, फार क्वचित होतो, कुठल्याशा परदेशी डॉक्टरच्या नावानं ओळखतात. त्यात मूल पोटात असल्यापासून भराभर वाढतं, हाडं वयाच्या पुढे पळतात, बोलणं-शिकणं मागे राहतं. अशा मुलाचं वय एक्स-रेवरून काढलं तर ते चुकीचंच निघणार. आजार कशानं होतो, ते त्या वेळी अजून कुणालाच कळलेलं नव्हतं. त्यांनी एक सविस्तर पत्र लिहिलं, त्यात आईनं सांगितलेली तारीख हीच ग्राह्य धरावी असं स्पष्ट म्हटलं आणि खाली ठसठशीत सही केली.

ते पत्र आणि माझा अर्ज आम्ही मेळाव्याच्या आयोजकांपुढे ठेवला. त्यांनी यादीतून सुजाताचं नाव खोडलं. रजिस्टरातली दुरुस्ती व्हायला पुढे वर्ष गेलं, पण झाली. लाल शाईनं चौदा एप्रिल अठ्ठ्याहत्तर. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला, निष्काळजीपणाचा. आमच्या घरात त्यावरून बरीच धुसफूस झाली. पण मला विचाराल तर त्या पुस्तकात माझ्याबद्दल लिहिलेलं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे. अनसाबाईंनी दुरुस्त केलेली ओळ वाचली आणि म्हणाल्या, "आता बराबर." आभार वगैरे मानले नाहीत. कशाला मानतील?

मग माझ्या बदल्या झाल्या. पण अनसाबाई जालन्याला आल्या की माझ्याकडे येऊन जायच्या, कधी एकट्या, कधी सुजाताला घेऊन. चहा घ्यायच्या, बशीत ओतून. सुजाता सातवी पास झाली, मग घरीच होती, आईबरोबर खुरपायला जायची. पुढे शाळेत खिचडी शिजवायला सुरुवात झाली तेव्हा तिला तिथं काम मिळालं. मोठं पातेलं ती एकटी उतरवायची. तांदळाचा टेम्पो घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरनं एकदा तिला मागणी घातली. अनसाबाईंनी त्याला सांगितलं, तिला विचार. त्यानं विचारलं. सुजाता म्हणाली, सांगते. त्याला दीड वर्ष झालं होतं आणि तो बिचारा अजून थांबला होता.

ह्याच सुमाराला मला एक पत्र आलं. त्याच डॉक्टरीणबाईंचं, आता औरंगाबादच्या एका दवाखान्यातून. सुजाताच्या आजाराचं कारण सापडलं होतं. त्यांना ती मुलगी आणि तिची आई आठवत होती. रक्ताचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येईल का, असं त्यांनी विचारलं होतं. आम्ही गेलो. सुजाताचं रक्त घेतलं, आईवडिलांचंही घेतलं. पुष्कळ महिन्यांनी अहवाल आल्याचं कळलं आणि आम्ही पुन्हा गेलो, अनसाबाई, सुजाता आणि मी. सुजाताच्या वडिलांनी, दादारावांनी, यायचं टाळलं, त्यांना दवाखान्याची भीती वाटायची.

बाईंच्या केसांत आता पांढरं दिसत होतं. त्यांनी फार सोपं करून सांगितलं. "आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक रजिस्टर असतं, गुरुजी. त्यात एक नोंद आहे, एन-एस-डी-वन नावाची. तिच्यावरून एक प्रथिन बनतं. शरीरात हार्मोन फिरतात, ते वाढीचे हुकूम घेऊन येतात. पेशीच्या अगदी आत, केंद्रकात, ते हुकूम उतरवून घेणारे असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. हे प्रथिन त्या रिसेप्टरांना जाऊन चिकटतं आणि कुठला हुकूम चालवायचा, कुठला थांबवायचा ते सांभाळतं. ह्या नोंदीच्या दोन प्रती असतात. सुजाताची एक प्रत बिघडलेली आहे, म्हणून थांबवणारा हात अर्धाच राहिला. ती वाढत गेली."

अनसाबाईंनी विचारलं, "हे माझ्याकडून आलं का तिला?"

"नाही. तुमच्याही रक्तात नाही, तिच्या वडिलांच्याही नाही. ती तयार होताना नव्यानं झालेली चूक आहे. तुम्ही काही खाल्लं-प्यालं म्हणून नाही, कुणी काही केलं म्हणून नाही."

अनसाबाईंचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदरानं पुसले. मग म्हणाल्या, "आज सासू पाह्यजे व्हती माझी." आणि जरा वेळानं, "मंग ह्याची दुरुस्ती व्हती का?" बाई म्हणाल्या, नाही, ही होत नाही. अनसाबाईंनी मान हलवली.

ह्यानंतर अनसाबाई दोनच वर्षं होत्या. कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेल्या. त्यांच्याबद्दल आणखी पुष्कळ सांगता येईल, पण त्या माणूस म्हणून कशा होत्या हे ज्यांना समजून घ्यायचं आहे त्यांना मी त्या दिवशी दवाखान्यात पुढे काय झालं तेवढंच सांगतो.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची अनसाबाईंच्या जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "मावशी, आता एक महत्त्वाचं. हिचं लग्न केलंत तर हिच्या मुलांमध्ये—"

अनसाबाईंनी हात वर केला. "थांबा, डॉक्टरीणबाई. हे मला काहून सांगून राह्यल्या?"

"तुम्ही आई आहात म्हणून."

"ती चारची व्हती तवा समदे तिला सातची समजून बोलले. पंधराची व्हती तवा अठराची. आता ती खरंच मोठी झाली, पंचवीस सरली तिला, तर तुमी तिला सोडून माझ्याशी बोलून राह्यल्या. लग्न तिचं. लेकरं तिची. तिला सांगा."

बाई उठल्या, खुर्ची उचलून सुजाताच्या समोर ठेवली आणि सगळं पहिल्यापासून, सावकाश, तिला सांगितलं. मूल झालं तर त्याला ही बिघडलेली प्रत मिळेल किंवा चांगली मिळेल. नाणं उडवावं तसं, छापा किंवा काटा, आधी सांगता येत नाही. सुजाता ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली. आम्ही तिघं थांबलो. अनसाबाई तर जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

"म्हंजी माझं लेकरू बी माझ्यासारखं जल्दी वाढंल?" तिनं विचारलं.

"वाढू शकतं."

"वाढू द्या," सुजाता म्हणाली. "पण मी त्याला शाळंत सहाव्या वर्सीच घालीन." मग ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी पंपावर आले तरी बी आधी देणार न्हाई."

एकवीस वर्षं मी तिला अगं-तुगं करत आलो होतो. त्या दिवशी मी हात जोडले आणि म्हणालो, "बरोबर आहे तुमचं."